तळघरातला पंप

मिरजेत रात्री अडीचला
इनक्युबेटरचा दिवा तेवढा जागा असतो, आणि मी.
झाकण उचललं की हिरवट रंग,
पिकल्या द्राक्षांचा वास.
माझं माहेर तासगावचं,
म्हणून नाकाला आधी कळतं:
स्यूडोमोनास.

नमुना क्रमांक चारशे अकरा.
बाबालाल शिकलगार, वय एकसष्ट, डावा पाय.
पुराच्या पाण्यात उभं राहून
सतारीचे भोपळे माळ्यावर चढवत होते,
पटाशी पडली पावलावर.
कुणीतरी गोळ्या दिल्या. तीन दिवस घेतल्या.
बरं वाटलं, बंद केल्या.
पुन्हा ठणका लागला, दुसऱ्या घेतल्या.
त्याही बंद.

काल प्लेटवर मी औषधाच्या चकत्या ठेवल्या,
टिकलीएवढ्या.
औषध लागू पडलं तर चकतीभोवती
मोकळं रिंगण उरतं.
इथं जंतू चकतीला खेटून उगवलेत,
जत्रेत पाळण्याला माणसं खेटावीत तसे.
आर. आर. आर.
मी लिहीत जाते.

औषध आत शिरत नाही असं नाही.
शिरतं.
पण भिंतीत प्रथिनांचे पंप आहेत:
आतल्या पापुद्र्यात मोटर, मधल्या फटीतून नळी,
बाहेरच्या पापुद्र्यात तोंड.
आलं की उचल, टाक बाहेर.
डिझेल नाही, वीज नाही.
बाहेरून आत घसरणाऱ्या प्रोटॉनांच्या उतारावर
फिरत राहतो, पाटाच्या पाण्यावरच्या चक्कीसारखा.

आपल्यासाठी नाही बसवलेला तो.
आपल्या गोळ्यांच्या कितीतरी आधीपासून
मातीत, मुळांशी, कुणाकुणाचं विष उपसत आलाय.
बटणावर एक पहारेकरी असतो, तोही प्रथिनाचाच,
उगाच चालू देत नाही.
कुणा एकात तो पहारेकरी बिघडला.
एका अक्षराची चूक.
तीन दिवसांच्या गोळ्यांनी बाकीचे मेले,
हा राहिला.
रात्रभरात त्याचं गाव झालं.

पंप म्हटलं की मला सांगलीतलं आमचं दुकान आठवतं.
तळघरात वह्या, कंपासपेट्या, रंगखडू.
भाऊजी दोन दिवस पंपाशेजारी स्टुलावर बसून,
कानाला रेडिओ, आयर्विन पुलाच्या पातळीचा आकडा ऐकत.
आमचं पाणी गल्लीत. गल्लीतलं नदाफांच्या तळघरात.
नदाफांनीही पंप आणला.
मग अख्खी गल्ली
एकमेकांच्या घरात पाणी फेकत होती,
आणि कुणाचं काही चुकत नव्हतं.

सकाळी बाबालाल खिडकीशी आले, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून.
मी सांगितलं जमेल तसं.
खरं तर डॉक्टरांनी सांगायचं असतं.
"पंप?" म्हणाले.
"आवाज येतो का त्याचा?"
नाही, म्हटलं.
"मग तुम्हांला कळतं कसं?"
रिंगण पडत नाही, त्यावरून.

बराच वेळ पायाकडे बघत राहिले.
"जवारी काढताना आमचंही तसंच," म्हणाले,
"बोलायला हवी ती तार गप्प बसली, की कळतं."
मग मुलाला: "त्या उरलेल्या गोळ्या कुठं ठेवल्यास रे?"
मुलगा म्हणाला, शेजारच्या आत्तीला दिल्या,
तिलाही पायालाच लागलं होतं.

एका चकतीभोवती रिंगण आहे. लहान आहे,
पट्टीनं दोनदा मोजलं.
त्या एकासमोर एस लिहिला.
ते औषध शिरेतून द्यावं लागतं,
मूत्रपिंडांवर डोळा ठेवून.

प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये जाईल.
एकशे एकवीस अंश, वाफेचा दाब.
तिथं कुठलाच पंप टिकत नाही.
पण माणसाला त्यात ठेवता येत नाही.

ठेवण्याआधी, कुणी बघत नाही असं पाहून,
झाकणासकट कानाला लावली.
मागे फ्रीज घरघरत होता.